गाडी खाली बसवण्यापूर्वी...

आपल्या घरासमोर चारचाकी गाडी उभी राहावी, असे स्वप्न आपल्या आजोबा-पणजोबांना पडणेही शक्य नव्हते. ज्यांना गावच्या बैलगाडीत बसायला मिळत नव्हते, त्यांची नातवंडे आज स्वतःच्या कष्टाच्या पैशांतून, पतपेढीचे कर्ज काढून का होईना, जुनी-वापरलेली गाडी घेतात. वस्तीतल्या बाया तिला ओवाळतात, पुढच्या काचेवर बाबासाहेबांचा फोटो लागतो, मागच्या काचेवर ‘जय भीम’ झळकते. हे पाहून आनंद होणार नाही असा माणूस आपल्यात विरळाच. परंतु बंधू-भगिनींनो, याच आनंदाला लागून एक नवीन फॅशन आपल्या तरुणांत शिरली आहे. तिच्याविषयी घराघरात बोलणे झाले पाहिजे, म्हणून हा लेखप्रपंच.

ही फॅशन म्हणजे गाडी खाली बसवणे. पोरांच्या भाषेत गाडी ‘लो’ करणे. कंपनीतून जी गाडी रस्त्यापासून वीतभर उंच आलेली असते, तिच्या स्प्रिंगा कापून ती चार-पाच सेंटिमीटर खाली आणायची, म्हणजे ती शर्यतीच्या गाडीसारखी दिसते. माझ्या भाच्याने हेच केले. गाडी घरी येऊन तीन महिने झाले नव्हते. ताईने विचारले, “अरे, हप्ता अजून सुरूच झालाय, आणि कापाकापी कसली करतोस?” मी दोन शब्द बोललो तर मला उत्तर मिळाले, “मामा, तुम्हाला नाही कळणार. गाडी रस्त्यानं गेली तर चार लोकांनी वळून बघितलं पाहिजे.” मी गप्प बसलो. गप्प बसलो ही माझी पहिली चूक. दुसरी चूक पुढे सांगतो.

त्या रात्री काय झाले

पावसाळ्याचे दिवस होते. रात्री दीडच्या सुमाराला ताईच्या सासऱ्यांच्या, म्हणजे आमच्या आबांच्या छातीत कळ आली. आबा जुने गिरणी कामगार, वय ऐंशीच्या घरात. अंगाला घाम सुटलेला. भाच्याने तत्काळ गाडी काढली. पुढे तो आणि भाऊजी, मागे आबांना मध्ये धरून ताई आणि मी. एकूण पाच माणसे. गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचा गतिरोधक आहे. पुढची चाके वर चढून पलीकडे उतरली, आणि खालून ‘खर्रर्र’ असा आवाज येऊन गाडी पोटावर बसली. पुढे जाईना, मागे येईना. आबा सोडून आम्ही चौघे पावसात उतरलो, ढकलले. गाडी सुटली, पण इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरला चीर गेली. दोनशे पावलांवर ऑइलचा लाल दिवा लागला आणि रस्त्यावर काळी धार दिसू लागली. शेवटी नाक्यावरच्या एका रिक्षावाल्या बांधवाला उठवून आबांना दवाखान्यात पोचवले.

आबा वाचले. डॉक्टरांनी वेळेवर आणले म्हणून सांगितले. परंतु ती पंधरा-वीस मिनिटे आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. भाचा तर दवाखान्याच्या पायरीवर डोके धरून बसला होता. त्याला बोल लावण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्याच्या संमतीनेच लिहितो आहे. “मामा, लिहा, म्हणजे दुसरं कोणी करणार नाही,” असे तोच म्हणाला.

स्प्रिंग वेगळी, शॉकअप वेगळा

नंतर आम्ही एका जुन्या, जाणत्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी जे समजावून सांगितले ते प्रत्येक गाडीवाल्या कुटुंबाला ठाऊक असावे असे आहे.

आपण सरसकट सगळ्याला ‘शॉकअप’ म्हणतो. प्रत्यक्षात तिथे दोन वस्तू असतात. स्प्रिंग गाडीचा भार पेलते. खड्डा आला की ती दाबली जाते आणि पुन्हा उसळते. शॉकअप म्हणजे शेजारची तेल भरलेली नळी. ती स्प्रिंगची उसळी शांत करते. शॉकअप नसेल तर गाडी एका खड्ड्यानंतर बराच वेळ झुलत राहील. कंपनीचे इंजिनिअर या दोघांची जोडी गाडीचे वजन पाहून जुळवतात. संसाराच्या जोडीसारखेच हे आहे. एकाला न विचारता दुसऱ्यात बदल केला की कुरबुर सुरू होते.

स्प्रिंग कापली की दोन गोष्टी एकदम घडतात. पहिली, स्प्रिंग कडक होते. सहा वेढ्यांच्या स्प्रिंगचे दीड वेढे कापून साडेचार ठेवले, तर तिचा कडकपणा सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. दुसरी, चाकाला वर सरकायला जी जागा असते ती कमी होते. समजा ही जागा आठ सेंटिमीटर आहे. गाडी पाच सेंटिमीटर खाली आणली की उरली तीन. त्यात पाच माणसे बसली आणि गाडी आणखी तीन सेंटिमीटर दबली, की शिल्लक शून्य. मग चाकाचा प्रत्येक धक्का रबरी बफरवर आणि तिथून थेट गाडीच्या सांगाड्यावर, आणि आत बसलेल्यांच्या मणक्यावर. रिकामी गाडी फिरवताना पोराला हे जाणवत नाही. कुटुंब बसले की जाणवते. पण गाडी घेतली कोणासाठी? कुटुंबासाठीच ना!

कापलेल्या स्प्रिंगेचा आणखी एक मोठा धोका आहे. कंपनीच्या स्प्रिंगेचे टोक तिच्या बैठकीत नीट बसेल असे घडवलेले असते. कापलेले टोक तसे बसत नाही. चाक मोठ्या खड्ड्यात लोंबकळले की आखूड झालेली स्प्रिंग सैल पडते आणि जागेवरून सरकू शकते. काही गॅरेजमध्ये तर कापतही नाहीत; गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग लाल करून दाबतात. स्प्रिंगेच्या पोलादाला जो ‘पाणी दिलेला’ गुण असतो, तो अशा भाजण्याने जातो. पुढे ती एकतर बसत जाते किंवा एखाद्या दिवशी तुटते. तो दिवस कोणता, हे गॅरेजवाला सांगू शकत नाही.

याशिवाय गाडी खाली आली की चाकांचा कोन बदलतो. अलाइनमेंट करून घेतले नाही तर टायर आतल्या कडेने झिजतात. बाहेरून पाहणाऱ्याला टायर चांगला दिसतो आणि आतून तारा उघड्या पडलेल्या असतात. फक्त मागची बाजू खाली आणली तर हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर गाडी किती दबली आहे त्यावरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. उंची बदलली की त्याचाही हिशेब चुकतो.

मग शर्यतीच्या गाड्या खाली का असतात?

भाच्याने मिस्त्रींना हाच प्रश्न विचारला, आणि प्रश्न योग्य होता. आपण तरुणांना नुसते ‘करू नका’ म्हणून चालणार नाही. कारण सांगितले पाहिजे. तथागतांनीदेखील कोणी सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या असेच शिकवले.

गाडी वळणावर गेली की तिचा भार बाहेरच्या चाकांकडे सरकतो. गाडीचा भारमध्य जितका खाली, तितका हा भार कमी सरकतो. म्हणून शर्यतीची गाडी जमिनीलगत असते. यात खोटे काही नाही. पण हिशेब करून पाहा. छोट्या गाडीचा भारमध्य रस्त्यापासून साधारण ५५ सेंटिमीटरवर धरला आणि गाडी ४ सेंटिमीटर खाली आणली, तर वळणावर सरकणारा भार सुमारे सात टक्क्यांनी कमी होतो. शर्यतीच्या गुळगुळीत रस्त्यावर, सेकंदाच्या भागासाठी झुंजणाऱ्याला हे सात टक्के मोलाचे. सकाळी आईला बाजारात आणि मुलीला क्लासला सोडणाऱ्याला त्याचा काय उपयोग? शिवाय शर्यतवाले स्प्रिंग कापत नाहीत. ते त्या गाडीसाठी घडवलेल्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप जोडीने बसवतात. त्या जोडीची किंमत ऐकली की आपल्या पतपेढीच्या कर्जाचे चार-सहा हप्ते आठवतात. म्हणून पोरे स्वस्तातला मार्ग धरतात, आणि धोका नेमका तिथेच आहे.

कॅलिफोर्नियातले कष्टकरी आणि त्यांच्या गाड्या

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती आपल्या जवळची आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मेक्सिकन वंशाचे लाखो कष्टकरी लोक राहतात. त्यांनाही एकेकाळी भेदभाव सोसावा लागला. सॅन बर्नार्डिनो शहरात सार्वजनिक उद्यानातला पोहण्याचा तलाव त्यांना बंद होता. १९४४ साली न्यायालयाने हा भेद बेकायदा ठरवला. आपल्याला महाडच्या चवदार तळ्याची, १९२७ सालची आठवण झाल्याशिवाय राहील काय? त्यांच्या मुलांना अनेक ठिकाणी वेगळ्या शाळांत बसवत. ऑरेंज परगण्यातील पालकांनी दावा लावला आणि १९४७ साली वरच्या न्यायालयात तो जिंकला.

दुसऱ्या महायुद्धानंतर याच समाजातल्या तरुणांनी जुन्या गाड्या घेऊन त्या खाली बसवायला सुरुवात केली. कोणी डिकीत वाळूची पोती टाकली, कोणी स्प्रिंगा कापल्या. गोऱ्या पोरांच्या गाड्या उंच आणि सुसाट. यांच्या गाड्या खाली आणि संथ. पूर्व लॉस एंजेलिसमधील व्हिटियर बुलेव्हार्ड या रस्त्यावर रविवारी संध्याकाळी नटूनथटून, कुटुंबासह, हळूहळू गाडी फिरवायची. सगळ्यांनी पाहावे, ओळख द्यावी. ‘आम्हीही आहोत, आणि दिमाखात आहोत,’ असे सांगण्याची ती रीत होती. या गाड्यांना ‘लोरायडर’ म्हणतात.

सरकारला ते रुचले नाही. १९५८ साली कायदा आला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. त्यावर रॉन अगिरे नावाच्या तरुणाने १९५९ साली आपल्या कॉर्व्हेट गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबले की गाडी खाली, बटण दाबले की कायद्याच्या उंचीवर! पुढे १९८० च्या दशकात अनेक शहरांनी असे गाड्या फिरवण्यावरच बंदी घातली, आणि पोलिसांनी या समाजाच्या पोरांना गुन्हेगारांच्या टोळ्यांत मोजले. पण लोकांनी हार मानली नाही. गाड्यांचे क्लब काढले, समाजकार्यासाठी निधी जमवला, अर्ज-विनंत्या केल्या. अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी नव्या कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी २०२४ पासून राज्यभर या दोन्ही प्रकारच्या बंद्या उठल्या. जेसी व्हलाडेझ या कारागिराची ‘जिप्सी रोझ’ नावाची १९६४ सालची शेव्हरोले इम्पाला, अंगभर गुलाबांची चित्रे असलेली, २०१७ साली राजधानी वॉशिंग्टनमध्ये ऐतिहासिक गाडी म्हणून काचेच्या पेटीत मांडण्यात आली. ज्यांना तळ्यात उतरू दिले नव्हते, त्यांच्या हातची गाडी देशाचा ठेवा ठरली.

हे वाचून एखादा तरुण म्हणेल, “मग आम्ही केलं तर काय बिघडलं?” त्याने तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. त्यांची गाडी खाली असते, पण संथ चालते. आपली पोरे गाडी खाली करतात आणि सुसाट सोडतात. त्यांची गाडी बटण दाबताच वर उचलता येते. आपली एकदा कापली की कापली. आणि मुख्य म्हणजे ती त्यांची रविवारची गाडी असते, वर्षानुवर्षे हातांनी घडवलेली. आपली गाडी रात्री दीड वाजता आबांना दवाखान्यात न्यायची असते.

आमचा गतिरोधक

आता माझी दुसरी चूक. ज्या गतिरोधकावर गाडी अडकली, तो कोणी घातला होता? आम्हीच!

काही वर्षांपूर्वी गल्लीच्या तोंडाशी एका लहानग्याला मोटारसायकलने उडवले. मूल वाचले, पण पाय मोडला. वस्ती संतापली. मीच पुढाकार घेतला, वर्गणी काढली आणि एका रविवारी श्रमदानाने सिमेंटचा बांध घातला. उंची १२ सेंटिमीटर, रुंदी हातभर. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. त्या बांधाचा हिशेब मात्र मी कधी केला नाही. तो या घटनेनंतर केला.

इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने गतिरोधकाचे माप १९८८ साली ठरवून दिले आहे. उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर, म्हणजे साधारण बारा फूट! कमानीसारखा गोल, ताशी २५ किलोमीटर वेगाने गाडी सुखाने जावी असा. गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर धरले, तर अशा रुंद कमानीवर चारही चाके एकाच वेळी चढलेली असतात आणि गाडीच्या पोटाखाली कमान फक्त चार-सव्वाचार सेंटिमीटर वर येते. आमच्या बांधावर पुढची चाके उतरलेली आणि मागची अजून चढायची असताना पूर्ण १२ सेंटिमीटरचा बांध पोटाखाली.

आता गाडीकडे पाहा. कंपनीतून आली तेव्हा जमिनीपासून साडेसोळा सेंटिमीटर उंच. पाच माणसांच्या भाराने साडेतीन सेंटिमीटर दबली तरी तेरा उरतात. म्हणजे मूळ गाडी आमच्या बांधावरून जेमतेम सुटत होती. भाच्याने पाच सेंटिमीटर कमी केले. कडक स्प्रिंगा तीनच दबल्या असे धरले तरी उरले साडेआठ. साडेआठातून बारा जाणार कसे? पोराने वरून कापले, मामाने खालून बांधले, आणि मध्ये आबा अडकले. माप ठरवून दिल्याप्रमाणे गतिरोधक असता, तर खाली केलेली गाडीदेखील त्या रात्री निघून गेली असती.

म्हणून एकट्या पोरांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. आपल्या अनेक वस्त्यांत असे हौशी बांध आहेत. रुग्णवाहिका त्यांच्यावरून जाते, गरोदर भगिनी रिक्षात बसून त्यांच्यावरून जाते. त्यांचाही विचार झाला पाहिजे.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकातील तपशील कंपनीच्या मूळ तपशीलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२-अ आले. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

गॅरेजवाले म्हणतात, “उंची काय आर.सी. बुकात लिहिलेली असते? कोण विचारतो?” विचारणारा भेटतो तो नेमक्या वाईट वेळी. अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकून पाहतो, आणि न कळवलेला बदल दाव्याच्या आड येऊ शकतो. पासिंगच्या वेळीही तेच. आणि खरे बोलायचे तर, कागदपत्रांत खोट निघाली की आपल्या माणसाची बाजू ऐकून घेणारे थोडे असतात. ज्या घटनेने आपल्याला माणूसपण दिले, तिच्याखालच्या कायद्याचे कागद आपले चोख असावेत.

आबांनी सांगितलेली गोष्ट

आबा घरी आल्यावर भाचा त्यांच्यापुढे मान खाली घालून बसला. आबा रागावले नाहीत. त्यांनी विचारले, “बाबासाहेबांचा पाय चाळीसगावला कशानं मोडला, ठाऊक आहे का तुला?”

भाच्याला ठाऊक नव्हते. आपल्यातल्या किती तरुणांना ठाऊक आहे? बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत ते स्वतः लिहून ठेवले आहे. १९२९ साली ते सरकारी समितीच्या कामाने खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या बांधवांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून महारवाड्यात नेण्यासाठी टांगा ठरवायचा, तर एकही टांगेवाला त्यांना घेऊन जायला तयार होईना. बॅरिस्टर असले म्हणून काय झाले, टांगेवाला जातीने स्वतःला वरचढ समजत होता! आपला पाहुणा पायी चालत जावा हे बांधवांना मानवले नाही. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा नाही. मग आपल्यातल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकलेला नव्हता. वाटेत पुलाजवळ चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि घोडा-टांगा नदीत कोसळला. पायाचे हाड मोडले; पुढे कित्येक दिवस ते जायबंदी होते. आपला मान राखायला गेलेल्या माणसांनी आपला जीवच धोक्यात घातला, हे त्यांनी ओळखले आणि लिहून ठेवले.

आबा म्हणाले, “त्या माणसांचं प्रेम खोटं होतं का? नाही. त्यांना दुसरा मार्ग होता का? तोही नव्हता. टांगेवाले येतच नव्हते. पण तुला मार्ग आहे बाळा. तुझ्या हातात चांगली गाडी आहे, लायसन्स आहे, शिकलेला मिस्त्री आहे. तरी तू मानासाठी जीव टांगणीला लावलास. मान गाडीच्या उंचीत नसतो. तुझी गाडी आपल्या वस्तीतल्या आजारी माणसाच्या दारात वेळेवर उभी राहिली, की चार लोक आपोआप वळून बघतील.”

ताई दाराआड उभी होती. तिने पदर डोळ्यांना लावला.

घरातल्यांनी एवढे करावे

१. गाडी घेणाऱ्या मुलाशी हप्त्यासारखेच गाडीतील बदलांविषयीही आधी बोला. झाल्यावर भांडून उपयोग नाही.

२. कोणी कितीही स्वस्तात सांगो, स्प्रिंग कापू देऊ नका, भाजू तर मुळीच देऊ नका.

३. आधीच कापली असेल तर त्याच मॉडेलच्या पूर्ण मापाच्या स्प्रिंगा जोडीने बसवून घ्या. पुढच्या दोन्ही किंवा मागच्या दोन्ही. शॉकअपमधून तेल गळत असेल तर तेही जोडीने बदला आणि नंतर अलाइनमेंट करा.

४. जुनी गाडी विकत घेताना खाली वाकून पाहा. स्प्रिंगेचे टोक कापलेले दिसते काय, टायरची आतली कड झिजली आहे काय, चेंबरला ठोकर बसली आहे काय, हे तपासा.

५. कोणताही मोठा बदल करण्याआधी आर.टी.ओ. आणि विमा कंपनीला विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

६. हौसच असेल तर गाडी स्वच्छ ठेवा, चांगले टायर घाला, हवा दर पंधरा दिवसांनी तपासा, सीटबेल्ट लावा. यात पैसे कमी आणि शोभा जास्त.

७. वस्तीतले हौशी गतिरोधक मोजा. मापाबाहेरचा असेल तर स्थानिक कार्यालयाला अर्ज द्या आणि नियमाप्रमाणे गतिरोधक, त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडे फलक मागा.

वीणेची तार

भगवान बुद्धांच्या काळी सोण नावाचा एक भिक्खू होता. गृहस्थाश्रमात तो वीणा उत्तम वाजवी. भिक्खू झाल्यावर त्याने इतके कठोर कष्ट घेतले की चालून चालून पाय रक्तबंबाळ झाले, आणि मन निराश झाले. तेव्हा भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचीच आठवण करून दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. ती योग्य ताणावर असावी लागते. गाडीच्या स्प्रिंगेचे तरी वेगळे काय आहे? फार मऊ असेल तर गाडी झुलते, फार कडक केली तर माणसे मोडते. ज्यांनी मोजून-मापून ती मध्यावर ठेवली, त्यांचे काम एका करवतीने उधळून टाकण्यात शौर्य कसले?

भाच्याने दोन महिने वरकामाचे पैसे साठवून पूर्ण मापाच्या स्प्रिंगा बसवल्या. चेंबर बदलला. मी आणि त्याने मिळून गतिरोधकाचा अर्ज लिहिला. सोबत मापाचा नकाशा जोडला आणि वस्तीतल्या सह्या घेतल्या. सह्यांत सर्वांत वर त्या मोडलेल्या पायाच्या मुलाच्या आईची सही आहे. गतिरोधक नको असे तिचे म्हणणे नाही. तो नीट असावा एवढेच तिचे म्हणणे आहे. अर्जाचा पाठपुरावा चालू आहे. तोवर आम्ही त्या बांधाची वरची कड छिन्नीने घासून उतार थोडा लांबवला आहे.

परवाच्या पौर्णिमेला आबांना त्याच गाडीत बसवून विहारात नेले. गतिरोधक आला तसा भाच्याने वेग कमी केला, गाडी सावकाश वर चढली आणि सावकाश उतरली. खाली काही घासले नाही. आबा मागच्या सीटवरून एवढेच म्हणाले, “आता बरं वाटलं.”

जय भीम!